दोष हुरड्याचा नव्हता

२०१६ च्या ऑगस्टपासून पुढची अडीच वर्षं माझं काम होतं लहान मुलांची शी गोळा करणं. मला बघायला आलेल्या दोन मुलांना मी हे वाक्य जसंच्या तसं ऐकवलंय, त्यामुळे तुम्हाला सांगायला काहीच हरकत नाही.

बीएस्सी मायक्रोबायोलॉजी झाल्यावर पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात रोटाव्हायरसच्या सर्वेक्षणावर मला नोकरी लागली. पाच वर्षांखालचं मूल जुलाबासाठी ॲडमिट झालं, निदान सहा तास ओआरएसवर नाहीतर सलाइनवर राहिलं, की मी फॉर्म घेऊन वॉर्डात जायचे. आईशी बोलायचं, संमतीवर सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि मग थांबायचं. ४८ तासांच्या आत सॅम्पल मिळायला हवं. लंगोट असेल तर सगळं कापडात जिरून जातं, म्हणून आत प्लॅस्टिकचा कागद घालायचा. मिळालं की छोट्या बाटलीत, बाटली थंड डब्यात, डबा लॅबमध्ये.

फॉर्मवर रकाने ठरलेले. वय महिन्यांत. उलट्या किती दिवस, चोवीस तासांत जास्तीत जास्त किती वेळा. जुलाब किती दिवस, किती वेळा. ताप किती. शरीरातलं पाणी किती कमी झालंय. या सगळ्यावरून २० पैकी गुण द्यायचे. ११ किंवा त्याहून जास्त आले की आजार तीव्र. शाळेत असताना जास्त मार्क मिळाले की बरं वाटायचं, इथे उलटं.

‘किती वेळा झाली?’ या प्रश्नाला आया आकड्यात उत्तर देत नसत. ‘अकरा लंगोट बदलले ताई, मग लंगोट संपले.’ हे सगळ्यात खात्रीचं उत्तर. मी फॉर्मवर ११ लिहायचे आणि पुढे अधिकचं चिन्ह करायचे.

हा फॉर्म शेवटी एका जाड रजिस्टरमध्ये उतरवायचा. पहिल्या वर्षी मी ते नुसतं भरत होते. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. मुलं येत होती, पण रोटाच्या रकान्यात बहुतेक ‘निगेटिव्ह’. दिवाळी झाली, स्वेटर निघाले, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून वॉर्डात एकाच बेडवर दोन मुलं झोपवायची वेळ आली. लॅबमधल्या प्लेटवर छोट्या छोट्या खळग्यांमध्ये शेवटचं द्रावण टाकलं की पॉझिटिव्ह सॅम्पल पिवळं होतं. ऑक्टोबरमध्ये पिवळे खळगे शोधावे लागायचे. जानेवारीत पांढरे शोधावे लागायचे.

मला हे विचित्र वाटलं. आपल्याकडे पोटाचे आजार म्हणजे पावसाळा. गढूळ पाणी, उघड्यावरचं खाणं, माश्या. हिवाळा म्हणजे सर्दी-खोकला. शाळेच्या पुस्तकापासून आरोग्य खात्याच्या भिंतीवरच्या पोस्टरपर्यंत सगळं हेच सांगतं. माझ्या रजिस्टरला ते पोस्टर मान्य नव्हतं.

*

वॉर्डात फॉर्म भरताना फॉर्मवर नसलेला एक प्रश्न हमखास निघायचा, आणि तो मी विचारत नव्हते. तो सोबत आलेलं कुणीतरी आईला विचारायचं: ‘तू काय खाल्लं होतंस?’

अंगावर पिणाऱ्या बाळाला जुलाब झाले की चौकशी आईच्या ताटाची होते. डिसेंबरमध्ये दोषी हुरडा. जानेवारीत बोरं, तिळगूळ, उसाचं करवं. फेब्रुवारीत द्राक्षं. काहीच सापडलं नाही तर ‘हिनं रात्री डोक्यावरून अंघोळ केली, तेच दूध पाजलं.’ आणि बाळ सात-आठ महिन्यांचं असेल तर दात असतातच. दात येताना जुलाब होतात ही समजूत इतकी पक्की आहे की काही मुलं दोन-दोन दिवस घरीच राहायची, कारण ‘दाताचे आहेत, थांबतील आपोआप.’

एका जानेवारीत संक्रांतीनंतर तीन दिवसांनी दहा महिन्यांची एक मुलगी आली. अंगात काळं झबलं, कडेला खडीचं काम, गळ्याशी हलव्याच्या दागिन्याचा दोरा तसाच राहिलेला. बोरन्हाण झालं होतं. आजूबाजूची पंधरा-वीस मुलं बोलावलेली. दुसऱ्या रात्री उलट्या सुरू झाल्या. सासूबाई सुनेला म्हणत होत्या, ‘तुला सांगितलं होतं, बोरं तिच्या तोंडात जाऊ देऊ नको.’ सून काही बोलत नव्हती. ती चमच्यानं ओआरएस पाजत होती आणि प्रत्येक चमचा मोजत होती.

त्या मुलीचं सॅम्पल पॉझिटिव्ह आलं. मी सासूबाईंना सांगितलं की हे बोरांनी झालेलं नाही, हा एक विषाणू आहे, या दिवसांत तो पुष्कळ मुलांना होतो. वॉर्डातल्या बाकीच्या बेडकडे हात करून दाखवला. ‘या सगळ्यांचं बोरन्हाण झालेलं नाही ना?’ त्या बराच वेळ बेड बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मग कुठून आला?’

प्रश्न बरोबर होता. खरं उत्तर असं की कुठूनही. आजारी बाळाच्या एक ग्रॅम शीत अब्जावधी विषाणू असतात आणि दुसऱ्या बाळाला आजारी पाडायला शंभराच्या आत पुरतात. खुळखुळा, दाराची कडी, पाहुण्याचा हात, जमिनीवर लोळलेलं बोर. इथे बोराचा संबंध येऊ शकतो, पण तो त्याच्यावर बसून आलेल्या पाहुण्यामुळे. आईनं ते खाऊन दुधातून पाठवलं म्हणून नव्हे.

*

हा विषाणू पहिल्यांदा नीट दिसला १९७३ साली, ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये. रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्याचे बारीक तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यात गोल गोल कण दिसले. त्याआधी मोठ्या हॉस्पिटलांतसुद्धा मुलांच्या बहुतेक जुलाबांचं कारण सापडत नसे. गाडीच्या चाकासारखा दिसतो म्हणून लॅटिनमधल्या ‘रोटा’, म्हणजे चाक, या शब्दावरून त्याचं नाव पडलं.

जगातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला पाच वर्षांचं होईपर्यंत तो एकदा तरी गाठतो. मेलबर्नच्या मुलालाही आणि श्रीगोंद्याच्या मुलालाही. श्रीगोंदा म्हणजे माझा तालुका. ज्या घरात पाणी उकळून पितात तिथेही तो जातो, म्हणून नुसत्या स्वच्छ पाण्याने तो आटोक्यात आला नाही. फरक पडतो तो पुढे काय होतं त्यात. २०१३ साली जगभरात पाच वर्षांखालची सुमारे २ लाख १५ हजार मुलं रोटामुळे गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातली सुमारे ४७ हजार भारतातली.

आपल्याकडे डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००७ या काळात दहा हॉस्पिटलांमध्ये मोठं सर्वेक्षण झालं. जुलाबासाठी ॲडमिट झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३९ टक्के मुलांच्या शीत रोटा सापडला, आणि जोर होता डिसेंबर ते फेब्रुवारीत. दक्षिणेकडे जावं तसा हा हंगाम पुसट होत जातो, तिकडे वर्षभर थोडा थोडा असतो. जिथे हिवाळा चांगला जाणवतो तिथे हा वेळापत्रकानुसार येतो.

हिवाळाच का, यावर एकच एक उत्तर नाही. थंड, कोरड्या हवेत विषाणू वस्तूंवर जास्त काळ टिकतो. उष्ण प्रदेशांतल्या अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी केली तेव्हा दिसलं की तापमान, पाऊस आणि हवेतला दमटपणा खाली आला की रोटा वर जातो. पण नुसत्या हवेनं सगळं उलगडत नाही. अमेरिकेत लस येण्याआधी दरवर्षी ही साथ नैर्ऋत्येच्या राज्यांत डिसेंबरच्या सुमारास सुरू व्हायची आणि सरकत सरकत मार्च-एप्रिलमध्ये ईशान्येला पोचायची. लोकांनी हवामानात कारण शोधलं. २००९ साली संशोधकांनी दाखवलं की जिथे जन्मदर जास्त, तिथे साथ आधी येते. म्हणजे ज्यांना हा आजार कधीच झालेला नाही अशी नवी बाळं जितकी जास्त, तितकी साथ लवकर पेटते.

याच्याशी तुलना केली तर पावसाळ्यातल्या जुलाबात बॅक्टेरियांचा वाटा मोठा असतो, आणि तिथे पाण्याकडे बोट दाखवणं रास्तच आहे. शीत रक्त दिसलं तर डॉक्टर वेगळा विचार करतात. हिवाळ्यातला हा आजार मात्र साधारण ठरलेल्या क्रमाने येतो: आधी उलट्या, ताप, मग पाण्यासारखे जुलाब. बाळ बहुतेक सहा महिने ते दोन वर्षांचं. अँटिबायोटिक याला काहीच करत नाही. तरी माझ्या फॉर्मवरच्या ‘आधी घेतलेले उपचार’ या रकान्यात अँटिबायोटिक सारखं दिसायचं, आणि ओआरएस फार कमी.

*

हे सगळं मी गावी कुणाला सांगत नव्हते. घरी एवढंच माहीत होतं की मी ‘लॅबमध्ये’ आहे. २०१७ च्या डिसेंबरमध्ये दोन दिवस सुट्टी मिळाली म्हणून गेले. रानात हुरडा भाजला होता. आगटीभोवती सगळे बसलेले, चुलते कणसं चोळत होते, आजी लसणाची चटणी आणि गूळ पुढे सरकवत होती. ती स्वतः खात नव्हती. ती हुरडा कधीच खात नाही. लहानपणापासून मला वाटायचं, दात नाहीत म्हणून. पण दात होते तेव्हाही ती खात नव्हती.

त्या दिवशी मी विचारलं. रानातून घरी चालत येताना, आम्ही दोघीच होतो तेव्हा.

ती म्हणाली, ‘थोरला गेला ना माझा.’

माझ्या वडिलांच्या आधी तिला एक मुलगा झाला होता हे मला माहीत होतं. कसा गेला ते माहीत नव्हतं. आमच्याकडे ‘लहानपणीच गेला’ एवढं म्हणतात आणि कुणी पुढे विचारत नाही.

‘कधी?’

‘दुष्काळाच्या आदल्या साली. लढाई नुकतीच संपली होती. पौष चालू होता.’

१९७२ चा दुष्काळ. १९७१ ची लढाई. म्हणजे डिसेंबरचा शेवट किंवा जानेवारीची सुरुवात.

‘किती महिन्यांचा होता?’

‘अकरावा लागला होता. धरून उभा राहायचा.’

‘आधी काय झालं?’

‘आधी वकला. पाजलं की वकायचा. अंग तापलं. मग ढाळ लागले. नुसतं पाणी. लुगडं फाडफाडून लंगोट केले.’

मी चालत होते आणि रकाने आपोआप भरत होते. वय. उलट्या आधी. ताप. जुलाब पाण्यासारखे. महिना. तिला ते कळत नव्हतं, आणि मी थांबवू शकत नव्हते. तिसऱ्या दिवशी तो रडला तेव्हा डोळ्यांत पाणी नव्हतं, असं ती म्हणाली. टाळू आत गेली होती. चौथ्या दिवशी गेला.

‘मी आदल्या दिवशी राखणीला गेले होते. हुरडा खाल्ला. पोटभर खाल्ला, भूक लागली होती. आल्यावर तसंच पाजलं. सासूबाई मरेपर्यंत म्हणाल्या, हिनं हुरड्याचं दूध पाजून घालवला.’

घरापाशी आलो होतो. ओट्यावर बसून मी तिला माझं काम सांगितलं, पहिल्यांदाच. शी गोळा करते म्हटल्यावर हसली. मग सांगितलं की या दिवसांत माझ्या वॉर्डात अशीच मुलं येतात, याच वयाची, अशाच उलट्या, असेच ढाळ. दरवर्षी. मेलेल्या बाळाची तपासणी पंचेचाळीस वर्षांनी होत नाही, त्यामुळे त्याला नक्की काय झालं होतं ते कुणीच सांगू शकणार नाही, हेही सांगितलं. पण हुरडा आईच्या दुधातून उतरून बाळाला मारत नाही, एवढं नक्की.

‘दुधातनं जात नाही म्हणतीस?’

‘नाही. उलट दूध पाजलं तेच बरं केलंस.’

आजी थोडा वेळ गप्प बसली. मला वाटलं, तिला आता हलकं वाटेल. तिनं विचारलं, ‘आणि पाणी?’

मला कळलं नाही.

‘सासूबाईंनी पाणी बंद केलं होतं. पाणी दिलं की ढाळ वाढतात म्हणून. तो वाटी बघून हात पुढं करायचा. पाणी दिलं असतं तर?’

वॉर्डात मी रोज सांगत होते: पाजत राहा, थांबवू नका, जेवढं जातंय तेवढं आत गेलं पाहिजे. मुलं विषाणूनं मरत नाहीत, अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यानं मरतात. आजीला काही वेगळं सांगणं मला जमलं नाही. मी म्हटलं, मीठ-साखरेचं पाणी मिळालं असतं तर बहुतेक जगला असता.

आणि मग, ती काही बोलायच्या आत, बनगावचं सांगितलं. त्याच वर्षी, १९७१ साली, त्याच लढाईमुळे पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले होते. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. दिलीप महालनबीस नावाच्या डॉक्टरांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पिशव्यांत भरला, ड्रममधल्या पाण्यात मिसळला आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. छावणीतले सुमारे ३० टक्के रुग्ण मरत होते, ते प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. साखर मिठाला आतड्यातून आत ओढून नेते आणि मिठामागून पाणी जातं, एवढंच त्याचं गणित. पण तेव्हा बऱ्याच डॉक्टरांचाही त्यावर विश्वास नव्हता. रोटा कुणी पाहिलेलाच नव्हता, तो दोन वर्षांनी दिसला. श्रीगोंद्यातल्या एका रानातल्या घरात सासूला हे कुठून माहीत असणार?

‘म्हणजे त्यांचंबी चुकलं नाही,’ आजी म्हणाली.

‘नाही.’

‘त्यांना कुणी सांगितलं नाही म्हणून मला बोलत राहिल्या. मला वाटायचं, मला बोलून त्यांचं तरी मन हलकं होत असंल.’ मग ती उठली, कारण धारेची वेळ झाली होती.

तिनं त्यानंतरही हुरडा खाल्ला नाही. मी एकदा आग्रह केला तर म्हणाली, ‘सवय गेली आता.’

*

श्रीगोंद्याला लागून, घोड नदीच्या पलीकडे, शिरूर तालुका. तिथल्या वढूच्या परिसरात भारतीय रोटाव्हायरस लशीची मोठी चाचणी झाली होती. दिल्ली आणि वेल्लोर ही बाकीची दोन केंद्रं. तिन्ही मिळून ६,७९९ बाळं. लशीतला विषाणू १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये सापडलेला. तिथल्या नवजात बाळांना त्याची लागण झाली होती, पण ती आजारी पडली नव्हती. डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर पुढची जवळजवळ तीस वर्षं काम केलं. पहिल्या वर्षात तीव्र रोटा जुलाबांपासून ही लस सुमारे ५६ टक्के संरक्षण देते असं चाचणीत दिसलं. ५६ म्हटलं की माझ्या मैत्रिणी नाक मुरडतात. दरवर्षी एकाच बेडवर दोन मुलं झोपवणाऱ्या वॉर्डात बसून तो आकडा वाचला की वेगळा दिसतो.

२०१६ मध्ये चार राज्यांत ही लस सरकारी लसीकरणात आली, महाराष्ट्रात रोटाची लस २०१९ मध्ये. तोवर माझी नोकरी संपली होती. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडातून देतात, फुकट. माझ्या चुलत वहिनीच्या बाळाला उपकेंद्रात ती मिळाली. नर्सताईंनी कार्डावर खूण केली आणि दुसऱ्या बाळाला हाक मारली, एवढ्यात झालं.

पण लस घेतली म्हणजे हिवाळ्यात जुलाब होणारच नाहीत असं नाही. रोटाखेरीज नोरोव्हायरस, ॲस्ट्रोव्हायरस, ॲडेनोव्हायरस आहेतच. म्हणून माझ्या वयाच्या मावश्या-काकांना आणि आत्ताच आईबाप झालेल्या मित्रमैत्रिणींना मी दर नोव्हेंबरमध्ये ग्रुपवर एकच मेसेज पाठवते. घरात ओआरएसची पाकिटं ठेवा. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अख्खं पाकीट एकदम. अर्धं अंदाजानं घालू नका, दुधात घालू नका. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने पुन्हा. अंगावरचं दूध चालू. झिंकची गोळी चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. नावात ‘ओआरएस’ असलेली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर तो शब्द वापरायला बंदी केली, पण जुनी सवय जायला वेळ लागतो. लघवी होत नसेल, डोळे खोल गेले असतील, बाळ मलूल असेल, शीत रक्त असेल, तर मेसेज वाचत बसू नका, निघा.

शेवटी एक ओळ असते, ती काही जणांना आगाऊपणा वाटते: ‘बाळाच्या आईला काय खाल्लं होतंस असं विचारू नका.’

गेल्या डिसेंबरमध्ये गावाकडच्या एका मावशींनी त्यावर उत्तर पाठवलं. सून माहेरी आहे, बाळाला जुलाब होतायत, काल द्राक्षं खाल्ली होती म्हणे तिनं. मी फोन केला. द्राक्षांबद्दल काही बोलले नाही. बाळ किती महिन्यांचं, उलट्या आधी झाल्या का, लघवी शेवटची कधी झाली, एवढं विचारलं. मग मावशींना म्हटलं, सुनेला फोन लावा आणि पाकीट कसं कालवायचं ते सांगा. त्यांनी लगेच लावला. मला होल्डवर ठेवायचं विसरल्या, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. त्या सांगत होत्या, ‘एक लिटर गं. मोजून. आणि तू जेवलीस का?’